कुंपणातील कुंती : परिसर अभ्यासाचा एक पाठ

शाळेच्या, पंचायत समितीच्या किंवा वनविभागाच्या विश्रामगृहाच्या आवारात पायवाटेच्या दोन्ही अंगांस कमरेएवढ्या उंचीची, माथ्यावर सपाट कातरलेली, गर्द हिरवी रांग पुष्कळदा आढळते. तिच्याकडे बोट दाखवून, "हे कशाचे झाड?" असे चौथीच्या वर्गास विचारून पाहावे. "ते झाड नाही, कुंपण आहे," असेच उत्तर बहुधा येते. मोह, तेंदू, चार, ऐन, बिजा, धावडा ही झाडे नुसत्या सालीवरून ओळखणारी चंद्रपूर-गडचिरोलीकडील मुलेदेखील हेच सांगतात. त्यांत मुलांचा दोष नाही. ज्या झाडाला वाढू दिले नाही, फुलू दिले नाही आणि फळ धरू दिले नाही, ते झाड म्हणून कोणी ओळखावे तरी कसे?

ही रांग कोणत्या वनस्पतीची आहे हे शिक्षकांनी आधी स्वतः पाहून ठेवावे. मेंदी असेल, निळ्या फुलांचा व पिवळ्या फळांचा ड्युरांटा असेल, किंवा रोपवाटिकेत 'कामिनी' वा 'मधुकामिनी' या नावाने मिळणारी कुंती असेल. या पाठाचा विषय कुंती हा आहे. कारण ती आपल्याच देशातील वनांत वाढणारा लहान वृक्ष असून, शोभेच्या कुंपणासाठी जगभरच्या उष्ण प्रदेशांत लावली जाते. कोकणापासून विदर्भापर्यंत तिला कुंती म्हणतात, काही ठिकाणी पांढरी असेही म्हणतात. नावावरून मुलांस महाभारत आठवेल आणि पांडवांच्या मातेची गोष्ट सांगण्याचा मोह शिक्षकांनाही होईल. तो मोह भाषेच्या तासापर्यंत आवरलेला बरा.

कात्रीपासून सुटलेली कुंती दोन पुरुष उंचीची सहज होते. अनुकूल जागी त्याहूनही उंच वाढते. खोड फार जाड होत नाही, साल फिकट असते, माथा दाट व गोलसर असतो आणि पाने वर्षभर टिकतात. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, दक्षिण चीन, मलाया, जावा आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा मूळ प्रदेश पसरलेला आहे. आपल्याकडे पानझडी वनांच्या आत, ओढ्यानाल्यांच्या काठच्या सावलीच्या व ओलसर घळी ही तिच्या आवडीची जागा होय. वैनगंगेच्या पूर्वेस, आलापल्ली-भामरागडच्या बाजूस अशा घळींची वाण नाही. सहलीच्या वेळी वनरक्षकास किंवा गावातील जाणत्या माणसास बरोबर घ्यावे आणि ती शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे. ती सापडली तर उत्तमच. न सापडली तरी तिची सख्खी बहीण या वनांत ठायी ठायी सापडेल, आणि पाठ वाया जाणार नाही.

ती बहीण म्हणजे गोडनिंब. पश्चिम महाराष्ट्रात तिला कढीपत्ता म्हणतात, सिरोंच्याकडची तेलुगु बोलणारी मुले करिवेपाकु म्हणतील, कोरचीच्या बाजूस मीठा नीम हे नाव ऐकू येईल, आणि माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुले आपल्या बोलीतील नाव सांगतील. ही सर्व नावे फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. कोणतेही नाव चूक म्हणून पुसू नये. मूल घरून जे नाव घेऊन येते, त्याच्या आधारानेच पुस्तकातील नाव त्याच्या मनात टिकते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळावे. यासाठी कोणतेही साहित्य विकत आणावे लागत नाही. आदल्या दिवशी मुलांना पाच प्रकारची पाने आणावयास सांगावीत : कुंती, गोडनिंब, लिंबू, बेल आणि कवठ. संत्र्याचे पान मिळाल्यास तेही घ्यावे. प्रत्येक मुलाने एक पान हातात धरून सूर्याकडे, म्हणजे खिडकीच्या उजेडाकडे, आडवे धरावे आणि त्यातून पाहावे. पानाच्या हिरव्या पृष्ठात टाचणीच्या टोकाने टोचल्याप्रमाणे बारीक, उजळ ठिपके दिसतील. ही छिद्रे नव्हेत. ते सुगंधी तेलाचे सूक्ष्म कोश आहेत आणि त्यांतून उजेड आरपार येतो. पान चुरगळले की हे कोश फुटतात व वास सुटतो. मग आंब्याचे किंवा सागाचे पान तसेच धरून पाहावे. त्यात असे ठिपके दिसणार नाहीत. एवढ्या एका निरीक्षणाने ही पाच झाडे एका कुळातील आहेत हे मुलांना कोणी न सांगता कळते. वनस्पतिशास्त्रात या कुळास रुटेसी म्हणतात. बागेत औषधी म्हणून लावला जाणारा सताप हा त्याच कुळातला, आणि कुळाचे नावही त्याच्या शास्त्रीय नावावरूनच पडले आहे.

कुळ एक असले तरी घरे निरनिराळी असतात, हे पुढच्या निरीक्षणात दाखवावे. कुंतीच्या एका काडीवर तीनपासून नऊपर्यंत लहान पाने असतात आणि ती समोरासमोर नसून आळीपाळीने बसलेली असतात. टोकाशी एक पान एकटे असते. गोडनिंबाच्या काडीवर याच्या दुप्पट-तिप्पट पाने. बेलाला तीन, हे तर प्रत्येक मूल जाणते. कवठाच्या काडीला दोन्ही बाजूंनी अरुंद पंखासारखी कड असते. येथे मुलांना प्रश्न पडतो की, काडीवरच्या या प्रत्येकाला पान म्हणावे, की साऱ्या काडीला मिळून एक पान म्हणावे? याचा निर्णय पुस्तकावरून न सांगता मुलांकडूनच काढून घ्यावा. पान जेथे फांदीला चिकटते, तेथे बगलेत एक बारीक डोळा असतो. पुढे त्यातूनच नवी फांदी फुटते. मुलांनी हा डोळा शोधावा. तो संपूर्ण काडीच्या बुडाशी सापडतो. काडीवरच्या लहान पानांच्या बुडाशी कधीच सापडत नाही. म्हणजे सारी काडी मिळून एकच पान होय, आणि त्यावरील लहान भाग या पर्णिका होत. ही परीक्षा एकदा साधली की चिंच, शेवगा, बाभूळ यांची पाने मुले स्वतःच तपासू लागतात.

लिंबाचे पान या खेळात शेवटी घ्यावे, कारण ते फसवे आहे. दिसावयास ते एकच साधे पान. पण पात्याच्या बुडाशी देठाशी जुळताना एक स्पष्ट सांधा असतो. संत्र्यात व लिंबात देठाला पंखासारखी कडही दिसते. बेलाच्या पानातील बाजूच्या दोन पर्णिका नाहीशा होऊन टोकाची एकटीच उरली, तर जे पान होईल तेच हे, असे मुलांस सांगितले असता सांध्याचा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानी येतो.

हे कुळ ओळखणारा आणखी एक जाणता आहे, तो म्हणजे लिंबाळी हे फुलपाखरू. त्याची मादी लिंबू, बेल, गोडनिंब अशा याच कुळातील झाडांवर अंडी घालते. लहानपणी त्याची अळी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. गोडनिंबाच्या रोपावर अशी अळी सापडल्यास ती मारू न देता, त्याच झाडाचा डहाळा घालून, जाळीदार फडके बांधलेल्या बरणीत ठेवावी. रोज ताजी पाने देत गेल्यास कोश व फुलपाखरू वर्गातच पाहावयास मिळते.

कुंतीचे फूल मात्र वर्गात सांगून कळण्यासारखे नाही. ते पांढरे, पाच पाकळ्यांचे, मागे वळलेल्या पाकळ्यांचे असते आणि फांदीच्या टोकाशी झुबक्याने येते. आत दहा पुंकेसर असतात. पाच लांब, पाच आखूड, आणि ते एकाआड एक उभे असतात. बोटाने न तोडता, काडीच्या टोकाने ते मोजता येतात. सुवास संत्र्याच्या मोहोराची आठवण करून देणारा व मोगऱ्याच्या जवळ जाणारा असतो. पावसाच्या चांगल्या सरी पडल्यानंतर थोड्याच दिवसांत सारे झाड एकदम पांढरे होते आणि पुढच्या दोन-चार दिवसांत खाली पाकळ्यांचा सडा पडतो. मग पुढच्या पावसापर्यंत शांतता. फळ लहान, लांबट-गोल, आधी हिरवे व पिकल्यावर शेंदरी-तांबडे होते. आत एक किंवा दोन बिया असतात, आणि त्या बियांवर बारीक लव असते. गोडनिंबाचे फळ पिकल्यावर काळे-जांभळे होते व त्याची बी गुळगुळीत असते. दोन्ही फळे जवळजवळ ठेवून फरक दाखवावा. ही फळे मुलांनी तोंडात घालू नयेत, हे त्याच वेळी बजावून ठेवावे.

नावाचा इतिहास वरच्या वर्गास थोडक्यात सांगावा. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी या झाडाचे वर्णन १७६७ साली 'चाल्कस' या प्रजातीनामाखाली केले. पुढे १७७१ साली त्यांनी आपले शिष्य, गटिंगेन येथील अध्यापक योहान आंद्रेआस मरे यांच्या नावावरून 'मुराया' ही प्रजाती प्रसिद्ध केली. आज रूढ असलेले 'मुराया पॅनिक्युलाटा' हे नाव १८२० साली विल्यम जॅक या स्कॉटिश तरुणाने दिले. तो पुढे दोनच वर्षांनी निवर्तला. गोडनिंबही याच मुराया प्रजातीत गणला जात आला आहे. बागेतील आखूड व गोलसर पर्णिकांची, बुटकी कुंती आणि वनातील मोठ्या पर्णिकांची कुंती या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात की एकच, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही. शिक्षकांना या वादात पडण्याचे कारण नाही. मात्र रोपवाटिकेतून आणलेले रोप आणि घळीतील झाड हुबेहूब सारखे दिसले नाही, तर मुलांचे निरीक्षण चुकले असे समजू नये. दोन्ही पाने चिकटवहीत शेजारी लावावीत.

कुंतीचे लाकूड पिवळसर, कठीण, जड व बारीक घडणीचे असते. चालण्याच्या काठ्या, हत्यारांच्या मुठी यांसाठी ते वापरतात. मलाया-जावाकडे तिला कमुनिंग म्हणतात व तेथील 'क्रिस' नावाच्या नागमोडी खंजिराच्या मुठी या लाकडाच्या करीत. ज्या झाडाच्या लाकडाची खंजिराला मूठ होते, त्याला आपण गुडघ्यावर छाटून ठेवतो, हे मुलांना सांगितले की रांगेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते.

येथे छाटणीचे मर्म समजावून द्यावे. प्रत्यक्ष दाखविण्यासाठी एक कुंडी पुरे. प्रत्येक फांदीचा शेंडा हा तिचा पुढारी असतो. तो शाबूत असेपर्यंत खालच्या पानांच्या बगलेतील डोळे झोपलेले राहतात. कात्रीने शेंडा गेला की त्याच्या खालचे दोन-तीन डोळे एकदम जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फांद्या येतात. त्यांचेही शेंडे गेले की त्यांच्याही दोन-तीन. कुंपण दाट होते ते असे. मुलांनी याचे गणित करावे : प्रत्येक छाटणीत एका शेंड्याचे दोन झाले, तर पाच छाटण्यांनंतर किती? बत्तीस. पण कुंतीची फुले फांदीच्या टोकाशीच येतात, हे वर सांगितले आहे. दर पंधरा दिवसांनी कातरलेल्या रांगेला टोक असे उरतच नाही. म्हणून तिला फूल नाही. फूल नाही म्हणून फळ नाही. फळ नाही म्हणून बी नाही. शाळेत पाच वर्षे शिकून गेलेल्या मुलाने आवारातील झाडाचे फूल एकदाही पाहिलेले नसते, त्याचे कारण हे. माळी आपले काम नीट करतो आणि मूल झाडापासून दूर जाते.

शोभेच्या कुंपणाची दुसरी बाजू या दोन जिल्ह्यांतील मुलांना अधिक जवळची आहे. जिला पश्चिमेकडे घाणेरी व आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, ती रंगीबेरंगी गुच्छांची काटेरी झुडूपवजा वनस्पती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेची म्हणून या देशात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली, आणि पुढे बागांच्या कडेने कुंपण म्हणून लावली गेली. तिची गोड काळी फळे पक्ष्यांनी खाल्ली, बिया वनांत टाकल्या, आणि आज सागाच्या व बांबूच्या वनांत तिची जाळी माजलेली दिसते. तिच्याखाली गवत वाढत नाही. गवत नाही तेथे चितळ, गवे चरू शकत नाहीत. मोहफुले वेचणाऱ्या बायामाणसांना पायवाट उरत नाही. ती मुळासकट उपटण्याची कामे वनविभागास वर्षानुवर्षे करावी लागतात. आपल्या गावच्या शिवारात रायमुनिया कोठवर आली आहे, आजोबांच्या लहानपणी तेथे काय होते, हे मुलांनी घरी विचारून यावे. उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. भूगोलाच्या पुस्तकात नसलेली पुष्कळ माहिती त्यातून हाती लागेल. ड्युरांटाही अमेरिकेकडचाच. त्याची आकर्षक पिवळी फळे विषारी असतात, तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांच्या वाटेवर त्याचे कुंपण असणे इष्ट नाही.

याउलट कुंती ही आपल्याकडची. तिचे बी पक्ष्याने वनात नेले तर ते परक्या घरी गेले असे होत नाही. मात्र हेच झाड आपला प्रदेश सोडून गेले की तेही रायमुनियासारखे वागू शकते, हे सांगण्यास विसरू नये. अमेरिकेतील फ्लॉरिडात आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बागांतून निसटलेली कुंती तणासारखी पसरते आहे. दोष झाडाच्या जातीचा नव्हे, जागेचा आहे. हा विचार चौथीच्या मुलास अवघड वाटत नाही; मोठ्यांसच तो पटावयास वेळ लागतो.

कुंतीबाबत एक सावधगिरी मात्र घ्यावीच लागते, आणि तिचा संबंध वर सांगितलेल्या कुळाशी आहे. लिंबूवर्गीय झाडांवर सिट्रस सायला नावाची तीन-चार मिलिमीटर लांबीची, करड्या-तपकिरी रंगाची कीड पडते. ती पानावर डोके खाली व शेपटीकडचा भाग वर उचलून तिरकी बसते, त्यावरून ओळखू येते. ग्रीनिंग या रोगाचे सूक्ष्म जंतू ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोग जडलेले संत्र्याचे झाड पिवळे पडते, फळे वेडीवाकडी व कडू होतात, आणि त्यावर उपाय नसल्याने झाड अखेर काढून टाकावे लागते. ही कीड कुंतीवर व गोडनिंबावरही आनंदाने राहते. तिला अंडी घालण्यासाठी कोवळी पालवीच लागते. जून पानावर ती अंडी घालीत नाही. संत्र्याला पालवी वर्षातून ठराविक बहरांच्या वेळीच येते, पण सतत कातरल्या जाणाऱ्या कुंतीच्या रांगेला ती बारमाही येत राहते. कात्री फुले नाहीशी करते आणि त्याच वेळी या किडीचे घर वर्षभर उघडे ठेवते.

ही भीती काल्पनिक नाही. फ्लॉरिडात ही कीड १९९८ साली प्रथम आढळली. कुंतीची शोभेची रोपे रोपवाटिकांतून गावोगाव विकली गेली आणि रोपांबरोबर कीडही गेली. २००५ साली तेथे ग्रीनिंग रोग सापडला आणि पुढील काळात संत्र्याचा तो प्रचंड व्यवसाय खिळखिळा झाला. ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात हा रोग २००४ साली दिसला. तेथे रस्त्यांच्या कडेने कुंती लावण्याची मोठी हौस होती, ती पुढे कायद्याने आवरावी लागली. आपल्या दोन जिल्ह्यांत धान, सोयाबीन, कापूस आणि वनोपज यांचे महत्त्व अधिक असले, तरी उत्तरेस व पश्चिमेस नागपूर, वर्धा, अमरावतीकडे संत्र्याचे मळे आहेत, आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही नागपुरासच आहे. म्हणून ज्या शाळेच्या बांधाला लागून संत्रा, मोसंबी वा लिंबाची बाग आहे, तेथे कुंतीचे कुंपण लावू नये. बागाईत भागातील रोपवाटिकेतून रोपे आणून ती वनाजवळच्या गावांत वाटू नयेत. इतरत्र, जेथे आसपास अशी बाग नाही, तेथे हरकत नाही. तरी कोवळ्या पालवीवर पांढरे मेणचट धागे दिसले तर ते शेंडे खुडून जाळून टाकावेत. कापसाच्या शेतातील किडी ओळखणाऱ्या मुलांना हे काम शिकवावे लागत नाही.

लागवडीविषयी थोडेसे. वनातील झाडाचे बी घ्यावयाचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. फळे पूर्ण तांबडी झाल्यावर गोळा करावीत, गर चोळून धुऊन टाकावा, आणि बी सुकवून न ठेवता लगेच सावलीतील वाफ्यात वा पिशव्यांत पेरावे. वाळलेले बी लवकर निकामी होते. छाट कलमाने किंवा गुटीनेही रोपे करता येतात. कुंतीची वाढ मंद आहे. दोन पावसाळ्यांत भिंत उभी राहील अशी अपेक्षा धरून ती लावू नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीपूर्वी आवार हिरवे दिसावे एवढाच हेतू असेल, तर दुसरे काही लावावे. चर खणून शेणखत घालावे, पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे लावावीत. चंद्रपूरकडचा वैशाख कसा असतो हे सांगणे नको. पहिले दोन उन्हाळे पाणी व बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन लागेल. हात धुण्याचे आणि पिण्याच्या टाकीखाली सांडणारे पाणी चराकडे वळविले, तर वेगळे पाणी आणावे लागणार नाही.

कुंतीला काटे नसतात. शेळ्या, गुरे आणि विशेषतः रानडुकरे यांना अडविण्याचे काम तिच्याकडून होणार नाही. त्यासाठी बाहेरच्या बाजूने बांबूचा कूड घालावा, किंवा सागरगोट्याची काटेरी वेल चढवावी, तीही आपल्याकडचीच. आतल्या बाजूस, पायवाटेला व फुलबागेला कुंतीची रांग शोभते.

रोपे किती लागतील याचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. समजा, आवाराची पुढील बाजू ६० मीटर आहे आणि मधोमध नव्हे, तर एका टोकापासून ३० मीटरवर ३ मीटर रुंदीचे फाटक आहे. रोपांत ५० सेंटिमीटर अंतर ठेवावयाचे. बहुतेक मुले फाटकाचे ३ मीटर वजा करून ५७ मीटरला अर्ध्या मीटरने भागतात व ११४ असे उत्तर देतात. त्यांना जमिनीवर खडे मांडावयास लावावे. ३० मीटरच्या तुकड्यात अंतरे ६०, पण रोपे ६१, २७ मीटरच्या तुकड्यात अंतरे ५४, रोपे ५५, एकूण ११६. जे दोन खडे कमी पडतात ते कोठे गेले, याचा शोध मुले स्वतः घेतात, तेव्हा वर्गात जो आनंद होतो तो फळ्यावरच्या उदाहरणाने होत नाही.

रांग धरल्यावर छाटणी करताना तळाशी रुंद व माथ्याशी किंचित अरुंद असा आकार ठेवावा. माथा रुंद केला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही व रांग बुडाशी उघडी पडते. कात्री वारंवार न चालविता, फुलांचा एक बहर झडून गेल्यावर एकदा, असा क्रम ठेवल्यास रांग थोडी विस्कळीत दिसेल, पण फुलेल.

आणि रांगेतील एक रोप, शक्य तर फाटकाजवळचे, अजिबात कातरू नये. माळ्यास तसे स्पष्ट सांगून ठेवावे आणि त्या रोपाच्या बुडाशी चुन्याने रंगविलेला एक दगड पुरावा, म्हणजे चुकून कात्री लागणार नाही. पहिलीत आलेल्या मुलांनी जूनमध्ये त्याच्याशेजारी उभे राहून आपली उंची व झाडाची उंची बांबूच्या काठीवर खूण करून नोंदवावी, आणि ती काठी वर्गात जपून ठेवावी. दरवर्षी त्याच काठीवर नवी खूण. निसर्गनोंदीच्या वहीत चार रकाने पुरेत : पहिली मोठी सर कधी पडली, त्यानंतर कितव्या दिवशी कळ्या दिसल्या, पाकळ्या कधी गळल्या, पहिले फळ कधी तांबडे झाले. पावसाची तारीख तलाठ्याच्या किंवा तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीशी ताडून पाहावी. फळे पिकल्यावर त्यांवर कोणते पक्षी येतात हे लिहिण्यास पाचवा रकाना ठेवला तरी चालेल. बुलबुल बहुधा पहिला येईल. सातवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी ही वही व काठी त्या वर्षी पहिलीत आलेल्या मुलांच्या हाती द्यावी, आणि त्या वर्षीचे बी पेरलेली पिशवी घरी घेऊन जावी.